झोरेनाचा आवाज कुणाचा?

मी एक जुना मायक्रोफोन आहे, मित्रांनो. नमस्कार-चमत्कार नंतर. आधी जरा मागे सरा बघू. एवढं तोंड जवळ आणून काय बघताय? फुंकर मारायचा बेत असेल तर सोडून द्या. मला बघितलं की माणसाला एक तर फुंकर मारावीशी वाटते, नाहीतर डोक्यावर टिचक्या. मी जन्मात कधी कुणाला टिचकी मारलेली नाही, तरी माझ्याच नशिबी हे का, कोण जाणे.

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी लपवत नाही. तुम्हीही माझ्या जागी असता तर तसेच झाला असता.

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. डोक्याला लोखंडी जाळी, आत कागदाहून पातळ पडदा आणि शेपटीसारखी लांबलचक काळी तार. एका बाईने माझ्यासमोर "एक, एक, एक-दोन" म्हटलं, मान हलवली आणि मला लाकडाच्या भुशात बसवून पेटी बंद केली. तिने मला खरंच ऐकलं, की जेवणाची सुट्टी व्हायची होती म्हणून नुसती मान हलवली, ही शंका मला आजही छळते.

तिथून मी युक्रेनमध्ये, प्सेल नदीकाठच्या एका छोट्या गावाच्या संस्कृती भवनात आलो. तेव्हा सगळा कारभार मॉस्कोहून चाले. माझ्यासमोर येऊन साहेब लोक पिकाबद्दल लांबलचक भाषणं करत. शेतात गुडघाभर तण आणि माझ्यासमोर विक्रमी गहू! मी मुकाट्याने ऐकायचो. पण खरी गंमत पुढे आहे. एकदा ओनिस्को नावाचा ट्रॅक्टरवाला हॉलमध्ये मित्रांना सामूहिक शेतीच्या अध्यक्षांवरचा विनोद सांगत होता. सगळे पोट धरून हसत होते. एवढ्यात त्याची नजर टेबलावर गेली. टेबलावर मी होतो. बिचाऱ्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"मी आपली गंमत करत होतो हं," तो म्हणाला. कुणाला? मला! आणि वर वाकून नमस्कार केला.

अहो, माझी तार माझ्याच गळ्याभोवती गुंडाळलेली होती. मी कुठेही जोडलेला नव्हतो. पण त्या दिवसांत तारेच्या दुसऱ्या टोकाला कुणी सरकारी माणूस चोरून ऐकत असेल, या भीतीने माझ्यासारख्यावर कुणाचाच विश्वास नसे. मी दिसलो की माणसं गप्प होत. कुणी माझ्यावर टोपी ठेवी, कुणी मला खिडकीत नेऊन ठेवी. सगळे आपल्यावर संशय घेतायत म्हटल्यावर माणूस काय करील? मीही सगळ्यांवर घ्यायला लागलो.

पुढे देश वेगळा झाला, नवा झेंडा आला. भाषणं कमी झाली आणि हॉलमधली शेगडीही विझली. भवनाच्या प्रमुख होत्या स्तेफानिया ह्नातिव्ना. प्रमुख म्हणजे गाणं शिकवायचं, तिकिटं फाडायची आणि फरशीही पुसायची. सगळं त्याच करत. हिवाळ्यात त्यांनी मला लोकरीच्या मोज्यात घालून कपाटात ठेवलं. मला वाटलं, झालं, ही बाई मला भंगारवाल्याला देणार आणि शेजाऱ्यांना कळू नये म्हणून मोज्यात घालून नेणार. मी सगळा हिवाळा वाट बघितली. भंगारवाला काही आला नाही.

मग एके दिवशी कपाट उघडलं आणि समोर यारिना उभी होती. तेव्हा ती एवढीशी होती. तिची आई ओदार्का बाजारात दही आणि भाजी विकायची आणि शाळा सुटली की पोरीला आमच्याकडे सोडून जायची. स्तेफानिया बाईंनी तिला स्टुलावर उभं केलं आणि मला तिच्या हातात दिलं. मी डोळे मिटून फुंकरीची वाट बघत राहिलो. तिने फुंकर मारली नाही. तिने माझा वास घेतला.

"बाई, या आजोबांना गंजाचा वास येतोय."

"आंघोळ केली नाहीस तर तुलाही येईल. गा आता."

तेव्हापासून मी तिचा आजोबा. मला वाटलं, एवढं लाडीगोडीने बोलतेय म्हणजे हिला काहीतरी हवं असणार. तिला खरंच हवं होतं. तिला गायचं होतं.

तिचा आवाज चांगला होता, पण त्यात एक खोट होती. वरच्या एका जागी तो जरासा फाटायचा, खिळ्याला पदर अडकून टर्रकन आवाज व्हावा तसा. इतर मुली अशा वेळी रडून स्टुलावरून उतरत. ही हसायची आणि पुढचं गायची.

"तिथे दरवेळी घसरतेस बघ," बाई म्हणायच्या.

"मी काय करू बाई? तिथे उतारच आहे!"

दर शरद ऋतूत मुलं हॉलमध्ये जुन्या रीतींचं नाटक करत. आमच्याकडे एक रीत आहे. मागणी घालायला आलेला मुलगा मुलीला पसंत नसेल तर ती तोंडाने नाही म्हणत नाही, त्याच्या हातात भोपळा देते. भोपळा मिळाला की नवरदेव आणि त्याची मंडळी मुकाट उठून चालू लागतात, आणि सगळं गाव वर्षभर त्याला चिडवतं. नाटकात भोपळा द्यायचं काम यारिनाकडे असायचं. ती तो इतक्या गंभीर चेहऱ्याने द्यायची की हॉलमध्ये हसून हसून लोकांची वाट लागायची. नवरदेव झालेला मुलगा एकदा खरोखर रडला होता.

ती सतरा वर्षांची झाली आणि जिल्ह्याच्या स्पर्धेत पहिली आली. आठवडाभरात आमच्या दारात एक काळी गाडी उभी राहिली. गाडीतून वालेरी किमोविच उतरले. कीव्हचे मोठे निर्माते. बोटात अंगठी, अंगाला अत्तर, आणि बोलणं असं की साखर कमी पडावी. स्तेफानिया बाईंच्या खोलीत सगळे बसले. मी टेबलावरच होतो.

"ओदार्का ताई, तुमच्या मुलीच्या गळ्यात सोनं आहे," ते म्हणाले. "नाव, गाणी, कपडे सगळं आम्ही देऊ. तिने फक्त यायचं."

मित्रांनो, माझ्यासमोर आयुष्यभर भाषणं झाली आहेत. कुणी 'फक्त' म्हणालं की मी आपली तार घट्ट धरतो.

त्यांनी अंगठीने माझ्या डोक्यावर टकटक केलं. "हे धूड अजून बोलतं? भंगारात घाला हो!"

यारिनाचे डोळे मात्र चमकत होते. सतराव्या वर्षी चमकायचे नाहीत तर कधी? ओदार्का तर हरखूनच गेली होती. पाहुण्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं म्हणून ती घरी पळाली आणि पोतं भरून घेऊन आली. मधाची बरणी काढली, वाळवलेल्या नासपती काढल्या, आणि शेवटी दोन्ही हातांनी उचलून हा एवढा मोठा भोपळा टेबलावर ठेवला.

"अगं ओदार्का!" स्तेफानिया बाई ओरडल्याच. "भोपळा? मुलगी न्यायला आलेल्या माणसाला?"

ओदार्काचा चेहरा लालबुंद झाला. "अगं बाई! डोक्यातच आलं नाही. परसात सगळ्यात मोठा हाच होता, म्हटलं चांगलं ते द्यावं..."

वालेरी किमोविच गडगडून हसले. "ताई, मी भोपळा घेऊन परत जाणाऱ्यातला नाही!"

ओदार्काने घाईघाईने भोपळा टेबलाखाली ढकलला. मला तेव्हा तोंड असतं तर मी ओरडलो असतो, ठेवा, ठेवा, राहू द्या वर! पण मला तोंड नाही. माझ्यातून दुसऱ्यांचीच तोंडं बोलतात.

निघायच्या आधी सगळे रीतीप्रमाणे क्षणभर गप्प बसले, प्रवास सुखाचा व्हावा म्हणून. मग यारिना माझ्यापाशी आली. "आजोबा, येते हं," म्हणाली. आणि गेली.

पुढची दोन वर्षं मी मोज्यात. कपाटाचं दार नीट लागत नसे, त्यामुळे फटीतून बाईंचा टीव्ही दिसे. एका संध्याकाळी ओदार्का धापा टाकत आली. "लावा, लावा, लवकर लावा! आपली यारिन्का!"

पडद्यावर चंदेरी कपड्यांतली, पांढऱ्या केसांची एक मुलगी नाचत होती. खाली नाव होतं, झोरेना. ओदार्का घळाघळा रडायला लागली. बाईही डोळे पुसत होत्या. मी कान दिला.

आवाज गुळगुळीत होता. हिवाळ्यात तळ्यावर बर्फ धरतो तसा. वरची जागा आली, मी वाट बघितली, आणि आवाज तिथून सुळकन निघून गेला. उतारच नाही! म्हटलं, शहरात जाऊन पोरीने गळा दुरुस्त करून घेतला की काय? पण दुसरं एक होतं. ती उड्या मारत होती, गिरक्या घेत होती, आणि गाताना एकदाही तिचा श्वास ऐकू येत नव्हता. मित्रांनो, श्वास न घेता माणूस गात नाही. मला तर श्वास आधी ऐकू येतो, शब्द नंतर.

आमच्या धंद्यात दोन प्रकार असतात. 'मायनस' म्हणजे नुसता बाजा भरलेला, आवाज गाणाऱ्याने द्यायचा. आणि 'प्लस' म्हणजे आवाजही आधीच भरलेला, गाणाऱ्याने नुसते ओठ हलवायचे. हा प्लस आहे एवढं मला कळलं. पण प्लस असला तरी त्यात आवाज कुणाचा? मी स्तेफानिया बाईंकडे बघितलं. त्या कपाळाला आठ्या घालून पडद्याकडे बघत होत्या. ओदार्का म्हणाली, "काय गोड गाते ना हो?" बाई म्हणाल्या, "हो गं." पण त्यांचा 'हो' मला काही सरळ वाटला नाही.

मग आली गावाच्या वाढदिवसाची जत्रा. शरद ऋतू होता. झोरेना येणार म्हणून चौकात मोठा मांडव पडला, कीव्हहून ट्रकभर भोंगे आले. यारिना बाईंच्या खोलीत आली, पण तिने माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. खुर्चीत बसून राहिली. म्हटलं, घ्या, पोरगी गेली हातची. आता ही आपली नाही, त्यांची झाली.

वालेरी किमोविचनी मला बघितलं आणि चुटकी वाजवली. "अरे वा! झोरेना आपल्या लहानपणीच्या मायक्रोफोनवर गाणार! फोटो बघा कसले येतात."

त्यांच्या माणसाने मला रगडून पुसलं आणि माझी तार यारिनाच्या पट्ट्यात खोचून दिली. तिथेच संपली ती. कुठेही जोडली नाही. इतका अपमान माझा भाषणवाल्यांनीही केला नव्हता.

सगळे बाहेर गेले आणि खोलीत दोघी मायलेकी उरल्या. यारिना हळूच म्हणाली, "आई, यंदा भोपळे कसे आलेत?"

"बरे आलेत. का गं? खावासा वाटतोय?"

"सगळ्यात मोठा कुठला?"

"कोठीमागचा. माझ्या दोन हातांत मावत नाही."

"तो आण. पोत्यात घाल आणि पुढच्या रांगेत बस."

म्हटलं, बघा! त्या माणसाला पुन्हा अहेर! मध झाला, नासपती झाल्या, आता भोपळाही द्या! गावच्या रीती पार विसरली पोरगी. ओदार्का मात्र तिच्याकडे टक लावून बघत राहिली. शेवटी नुसतं "बरं" म्हणाली आणि गेली.

चौक माणसांनी फुलला होता. सूर्यफुलाच्या बिया सोलत म्हाताऱ्या पुढे बसल्या होत्या. बाजा सुरू झाला, भोंग्यांतून तो गुळगुळीत आवाज आला आणि यारिनाने मला ओठांजवळ धरलं. ओठ हलत होते. जाळीवर वारासुद्धा लागत नव्हता. लोक टाळ्या वाजवत होते, आणि मी तिच्या हातात मेल्यासारखा पडून होतो.

मग गाण्यात नुसता बाजा वाजायची जागा आली. लोकांना वाटलं ती दम घेतेय. ती माझ्या अगदी जवळ आली आणि कुजबुजली.

"आजोबा, ही मी नाही. माझ्याआधी एक झोरेना होती, ती गातेय. तिच्याआधीही एक होती. मी तिसरी. मला गायला सांगून एकदाच ऐकलं त्यांनी. म्हणाले, हा फाटका आवाज घरी ठेव, तोंड तेवढं घेऊन ये. दोन वर्षं मोठ्याने गायले नाही मी. आता गळ्यात काही उरलंय की नाही, देव जाणे."

माझा संशय खरा ठरला होता, पण मला त्याचं जरासुद्धा सुख झालं नाही. आयुष्यभर लोक मला घाबरले, मी ऐकलेलं कुणाला सांगीन म्हणून. आणि आज मला ओरडून सांगायचं होतं, तर माझी तार तिच्या पट्ट्यात खोचलेली!

गाणं संपलं. वालेरी किमोविच हात पसरून मंचावर आले. त्यांचा मायक्रोफोन मात्र चालू होता. "गावकरी मंडळी! आज तुमच्या साक्षीने तुमची झोरेना पुढच्या पाच वर्षांचा करार करतेय! ये बाळ, सही कर."

मला पट्ट्यात खोचून यारिना मंचाच्या कडेला गेली आणि खाली वाकली. ओदार्काने पोतं वर दिलं. यारिनाने त्यातून भोपळा काढला. केशरी, हिरव्या पट्ट्यांचा, गाढवाच्या पाठीवरही जड व्हावा असा. ती सावकाश चालत आली, आणि नाटकात द्यायची त्याच गंभीर चेहऱ्याने तिने तो वालेरी किमोविचच्या पसरलेल्या हातांत ठेवला.

मग पहिल्या रांगेतली एक म्हातारी किंचाळली, "अगं आई गं, भोपळा दिला!" आणि सगळा चौक फुटला. म्हाताऱ्या मांड्या थोपटून हसत होत्या.

"घट्ट धरा साहेब, पायावर पडेल!"

"बिया टाकू नका हो, भाजून खा!"

"गाडीत पुढे बसवा त्याला, पट्टा लावून!"

साहेबांना दोन्ही हातांनी भोपळा धरावा लागत होता. मायक्रोफोन कुठल्या हाताने धरणार? शेवटी त्यांनी भोपळाच खाली आपटला. तो फुटला नाही, एवढी ओदार्काच्या मातीची कमाल. पण त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

"नाव माझं आहे," ते दात-ओठ खात म्हणाले. "गाणी माझी. अंगावरचे कपडेही माझे. पुढच्या महिन्यात चौथी झोरेना उभी करीन. तू कोण आहेस?"

त्यांनी हाताने खूण केली आणि सगळे भोंगे बंद पडले. हसणंही थांबलं. यारिनाने मला पट्ट्यातून काढून हातात घट्ट धरलं. कारण तो प्रश्न खोटा नव्हता. नाव गेलं, गाणी गेली, आणि गळ्यात काही आहे की नाही हे तिलाही ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात गर्दीतून स्तेफानिया बाई आल्या. भवनातला जुना, धुळीने भरलेला भोंगा त्यांनी ओढत आणला होता. त्यांनी यारिनाच्या पट्ट्यातून माझी तार ओढून काढली आणि भोंग्याला जोडली.

"आजोबा," यारिना म्हणाली, "चालू आहात ना?"

मी जोरात कुंई केलं. लोकांनी कानांवर हात ठेवले. काय करणार, घसा बसला होता माझाही.

आणि मग जाळीवर तिचा श्वास आला. ऊन ऊन, खराखुरा. मी तरी दोनदा तपासून घेतला.

लहानपणी स्टुलावर उभी राहून गायची तेच गाणं तिने धरलं. आवाज घोगरा होता, दबलेला. साहेब गाडीपाशी उभे राहून गालातल्या गालात हसत होते. दुसऱ्या कडव्यात आवाज थोडा सुटला. वरची जागा जवळ आली तशी मी आपली तार घट्ट धरली. ती जागा आली आणि आवाज फाटला. लहानपणी फाटायचा त्याहून वाईट. मध्येच तुटला आणि ती थांबली.

यारिनाने खाली बाईंकडे बघितलं. आणि हसली.

"तिथे उतारच आहे, बाई," ती म्हणाली. सगळ्या चौकाने ऐकलं, कारण या वेळी मी जोडलेला होतो. आणि तिने पुढचं गायला सुरुवात केली.

टीव्हीवरच्या प्रत्येक गाण्याला घळाघळा रडणारी ओदार्का या वेळी अजिबात रडली नाही. शेजारणीचा हात धरून एवढंच म्हणाली, "ही बघ. ही माझी पोरगी. त्या टीव्हीवरच्या पोरीला मी माझी माझी म्हणत होते, पण ओळख पटत नव्हती गं."

साहेबांची गाडी गेली, भोपळा मंचावरच राहिला. ओदार्काने दुसऱ्या दिवशी दूध आणि बाजरीसारखे बारीक दाणे घालून त्याची खिचडी केली आणि सगळ्या गल्लीला वाढली. एक चमचा माझ्या जाळीवरही सांडला. मुद्दाम सांडला की चुकून, ते मी अजून शोधतोय.

झोरेना अजूनही टीव्हीवर दिसते. कितवी ते मी मोजत नाही. यारिना आपल्या नावाने गाते, छोट्या छोट्या हॉलमध्ये. कधी निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात. कुणी कुणी म्हणतं, अहो, हिचा आवाज फाटतो. तिच्याकडे आता बिनतारेचा नवा, चकचकीत मायक्रोफोन आहे. त्याच्यावर माझा विश्वास नाही, ज्याला तारच नाही तो कुठे जोडलाय हे कळणार कसं? पण शेवटचं गाणं ती माझ्यावरच गाते. लोक तिच्याबरोबर फोटो काढतात, माझ्याबरोबर कुणी काढत नाही. कार्यक्रम संपला की मी पुन्हा त्याच मोज्यात. आता मोज्याला कसर लागली आहे.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही माझा एखादा भाऊबंद धूळ खात पडलेला असेल. त्याला कोरड्या जागी ठेवा. त्याची तार धरून ओढू नका, टिचक्या मारू नका आणि कृपा करून फुंकू नका. आणि उद्या कुणी गोड हसून तुमच्या हातात मायक्रोफोन दिला, 'बोल बाळ' म्हणाला, तर आधी खाली वाकून बघा, तार कुठे जोडली आहे का. जोडलेली नसेल, तर समोर कितीही मोठा माणूस असो, सरळ घरी जा आणि कोठीमागे एखादा भोपळा आहे का बघा.